तीस आणि दोन

ताण-व्यवस्थापनाचं शिबिर होतं, सात रस्त्याजवळच्या हॉलात.
अर्ध्या खुर्च्यांवर आम्ही, सिव्हिलच्या,
अर्ध्यांवर खाकी.
बाहेर चव्वेचाळीस अंश, आत कूलर कोरडा,
पाण्याची पाळी परवा.
पुण्याहून आलेल्या मॅडम म्हणाल्या, डोळे मिटा,
समुद्रकिनारा समोर आणा.
मी कंबर तलाव आणला.
जमेल तेवढा.
सातव्या मिनिटाला हवालदार हत्तुरे घोरायला लागले
आणि कुणी त्यांना उठवलं नाही.
त्या दिवसाचा तेवढाच उपचार खरा.

मग फॉर्म वाटले.
गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा
झोप मोडली? दचकलात?
काही पुन्हा डोळ्यांसमोर आलं?
कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, रोज.
हत्तुरे माझ्या कागदात डोकावले,
मागच्या बाकावरचं पोरगं डोकावतं तसे.
"सिस्टर, तुम्ही काय लिहिलं?"
मी दाखवलं. खालपर्यंत कधीच नाही,
खुणेखाली खूण,
टॉवेलच्या काठावरच्या नक्षीसारखी.
त्यांनी तशीच उतरवून घेतली.

खरं असं की
मी भाकरी थापताना मोजते.
एक, दोन, तीन, थेट तीस.
मग हात थांबतात, दोन श्वासांएवढे.
मग पुन्हा एकपासून.
कडक भाकरीला पीठ असं थांबलेलं चालत नाही,
कडेला चीर पडते.
धाकटी वहीतून मान वर न करता म्हणते,
"आई, परत मोजतेस."
सासू नुसतं विचारते, तिन्नावा?
जेवलीस का, एवढंच.
आमच्या घरात सगळ्या दुखण्यांना हा एकच प्रश्न आहे.

शेजारी येमूलांचे चार माग.
लग्न होऊन आले तेव्हा त्या खडखडाटात झोप लागायची नाही.
आता उलटं.
वीज जाते, माग गप्प होतात,
आणि मी ताडकन उठून बसते:
कोण गेलं?

हत्तुऱ्यांचं मला कसं माहीत?
बोलले नाहीत कधी.
कॅज्युअल्टीच्या चौकीत बसतात, अक्षर मोत्याचं.
मयताच्या अंगावरील कपडे.
मयताच्या खिशातील ऐवज:
शेंगा चटणीची पुडी, अर्धी. रोख रुपये एकशे दहा.
नावाचा रकाना आला की पेन झटकतात,
शाई असली तरी.
आणि राहायला अक्कलकोट रोडला असून
घरी जातात होटगी रोडनं, लांबून.
पेट्रोल कोण देतं, मी एकदा विचारलं.
"रस्ता चांगलाय की तो," म्हणाले.
चांगला नाहीये.

काल नाइटला, पहाटे चारला,
चहा आला, पिशवीत, दोऱ्यानं तोंड बांधलेला.
त्यांनी दोन कपांत ओतला,
बराच वेळ फुंकत राहिले.
"ते, त्या गुरुवारचं पोरगं."
हं, मी म्हटलं.
"टमटमवालं."
हं.
"नाव काय ओ त्याचं? मी लिहिलंय,
ह्या हातानं लिहिलंय.
आठवेना झालंय."

मला आठवत होतं.
अकरा दिवस कुणाला सांगितलं नव्हतं,
म्हणजे कुणी विचारलंच नव्हतं.
सांगितलं.
त्यांनी एकदा उच्चारलं, हळू.
मग मीही, पुन्हा.
कपावर साय धरली होती.
ती बोटानं बाजूला करून आम्ही चहा प्यायलो.

वॉर्डबॉय धावत आला, सिस्टर, रिक्षा लागलीय बाहेर,
दोघं आहेत.
हत्तुरे उठले, टोपी चढवली, दारात थांबले.
"तो फॉर्म परत मिळंल का हो?
एक खूण चुकलीय माझी."

एकच? मी विचारलं,
ग्लोव्हज घालत घालत.